दोन घुबडांची मोजदाद

एम.एस्सी. झाल्यानंतरची दोन वर्षं मी घुबडाच्या उलट्या फोडण्यात घालवली. त्यासाठी मला दरमहा शिष्यवृत्ती मिळत होती.

ऐकायला विचित्र वाटतं, पण काम सोपं असतं. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, हाडं आणि केस पचत नाहीत. त्यांचा पोटात गोळा होतो आणि घुबड तो तोंडावाटे टाकून देतं. अंगठ्याएवढा, काळपट, वाळला की कापसासारखा हलका. तो कोमट पाण्यात भिजवायचा, चिमट्यानं उकलायचा आणि आतल्या कवट्या मोजायच्या. जितक्या कवट्या तितके उंदीर.

सुरुवातीला मी सरावासाठी मिळालेल्या अशा गोळ्या बिस्किटाच्या डब्यातून घरी आणल्या. मंगळवार पेठेतलं आमचं दोन खोल्यांचं घर, त्यात मला टेबल म्हणून शिवणयंत्राची फळी. वडील पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चहाच्या वेळी मोठ्या आशेनं डबा उघडला. आम्ही बौद्ध, शकुन-अपशकुनाचा निकाल आजोबांच्या पिढीतच लागलेला. त्यामुळे घुबडाबद्दल वडिलांची हरकत नव्हती, वासाबद्दल होती. दुसऱ्या दिवसापासून डबा संस्थेतच राहिला. आई मात्र गल्लीत विचारणाऱ्यांना शेवटपर्यंत एवढंच सांगत राहिली, की पोरगी शेतीच्या हापिसात हाय.

ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्या संस्थेत एका मजल्यावर तीन विभाग होते, आणि तिन्ही प्रमुखांचं एकमेकांशी बोलणं बरीच वर्षं शिपायामार्फत चाललं होतं. पहिले झाडांचे सर. फांदीपासून झाड कसं करायचं, तिला मुळं कशी फुटवायची, यात त्यांची हयात गेलेली. दुसऱ्या, पक्ष्यांच्या मॅडम. तिसऱ्या सरांचा विभाग कीड-नियंत्रणाचा, पण उसातल्या उंदरांवर त्यांनी इतकं लिहिलं होतं, की सगळे त्यांना उंदरांचे सरच म्हणत. तिघांनीही त्या वर्षी आपापले प्रस्ताव वर पाठवले होते आणि तिन्ही परत आले होते. मग परिपत्रक आलं, की यापुढं वेगवेगळ्या शाखांनी एकत्र येऊन केलेल्या संशोधनालाच मदत मिळेल. आठवड्याच्या आत तिघं एका टेबलाशी बसून चहा पिताना दिसले. शिपायाला वाटलं, कुणीतरी वारलं.

तीन नामंजूर प्रस्ताव एकापुढं एक लावून एक मंजूर होणारा प्रस्ताव तयार झाला. उसाच्या बांधावर जिवंत झाडांचे खांब उभे करायचे, हे झाडांच्या सरांचं काम. त्या खांबांवर गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या बसवायच्या, हे मॅडमचं. घुबडं राहायला आली की उंदीर किती घटतात ते मोजायचं, हे उंदरांच्या सरांचं. आणि ही सगळी कामं प्रत्यक्ष करणारी व्यक्ती एक. ती मी.

आधी शेत हवं होतं. शहरापासून तासाभराच्या अंतरावर एक नदीकाठचं गाव निवडलं. आम्ही चौघं जीपमधून गेलो. पहिल्या शेतकऱ्यानं घुबड म्हणताच घरात लग्न असल्याचं सांगितलं. दुसऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून अनुदान किती ते विचारलं, आणि नाही म्हटल्यावर आम्हाला उन्हाचं जपून जायला सांगितलं. तिसरे आण्णा.

आण्णा सत्तरी ओलांडलेले, जैन, पांढरी टोपी, पाच एकर ऊस. घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यांनी तिघांचीही भाषणं मधे न बोलता ऐकली आणि मग माझ्याकडं वळून एकच विचारलं.

“उंदरं मारायला औषध घालणार काय?”

“नाही आण्णा. घुबडं खातील उंदीर.”

“मग चाललं. त्यानं खाल्लं तर ते त्याचं जेवान हाय. आपुन औषध घातलं की ती हत्या. तेवढं माझ्या रानात नको बाई.”

मी तिघांच्या वतीनं हो म्हटलं. उंदरांचे सर त्या वेळी फोनमध्ये काहीतरी बघत होते.

आतून आक्का, म्हणजे आण्णांच्या पत्नी, बाहेर आल्या. नातीची सोयरीक चालू होती. घुबड बांधावर ऱ्हाऊ दे, पण त्याचं त्वांड घराकडं नको, एवढं त्यांचं म्हणणं होतं. मॅडमच्या अभ्यासाप्रमाणे पेटीचं भोक पावसाच्या वाऱ्याकडं असून चालणार नव्हतं, म्हणजे पूर्वेला हवं होतं. घर पश्चिमेला होतं. त्या दिवशी आक्का आणि शास्त्र यांचं जुळलं, ते त्या प्रकल्पात शेवटचंच.

मे महिन्यात खांब लावले. पांगाऱ्याच्या मांडीएवढ्या जाड, पुरुषभर उंचीच्या बारा फांद्या. चार फांद्यांच्या बुडख्यांना सरांनी स्वतः बनवलेला मुळं फुटण्याचा लेप, चारांना बाजारचा लेप आणि चार तशाच. त्यांचा लेप कसला होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बरणीवर फक्त ‘हात लावू नये’ असं लिहिलेलं होतं. खड्डे काढणारा गडी लेप लावताना शेजारी उभा राहून बघत होता. त्यानं मला हळूच विचारलं, की पांगारा कुंपणाला आम्ही नुसता खुपसतो, तो येतो, मग हे कशाला? मी म्हटलं, का येतो ते कळायला. त्यानं मान डोलावली. आला तर का आला हा प्रश्न त्याला तोवर कधी पडला नव्हता, आणि पडला नव्हता म्हणून काही अडलंही नव्हतं.

पाऊसकाळात बाराच्या बारा खांबांना पालवी फुटली. सरांनी फोटो मागवले. मग अडचण अशी झाली, की घुबडांचा अंडी घालायचा हंगाम जवळ येत होता आणि मॅडमना पेट्या दसऱ्याच्या आत हव्या होत्या. सर म्हणाले, मुळं अजून कोवळी आहेत, पेटीचं वजन दिलंत तर खांब कलंडतील, मुळांना निदान अजून एक वर्ष द्या. मॅडम म्हणाल्या, घुबडं वर्षभर थांबणार नाहीत. दोघांनी मला मधे घालून एकमेकांना चार पत्रं लिहिली. टेबलं एकमेकांपासून तीस पावलांवर होती. शेवटी तोडगा निघाला: प्रत्येक जिवंत खांबाशेजारी एक लोखंडी पाइप पुरायचा आणि पेटी पाइपवर बसवायची. अहवालात ‘जिवंत खांबांवरील पेट्या’ असंच राहिलं. फोटो काढताना पाइप पांगाऱ्याच्या मागं लपेल अशा कोनात उभं राहायचं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

पेट्या शिवाजी पेठेतल्या एका सुतारानं केल्या. मी त्याला कागदावर आकृती दिली होती: लांबी, रुंदी, भोक, आत आडवी फळी. त्याचा मूळ धंदा देव्हारे करण्याचा. आणायला गेले तर बारा पेट्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या भोकाला महिरप कापलेली आणि छपराच्या टोकावर इवलासा कळस.

“हे कशाला केलं?” मी विचारलं.

“रिकामं रिकामं दिसत हुतं की,” तो म्हणाला. “त्येचं काय जादा घेत न्हाय तुमच्याकडनं.”

कळस काढायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी पेट्या बांधावर चढल्या. लांबून पाहिलं तर आण्णांच्या उसाभोवती बारा देवळं उभी राहिली होती.

आता गावाची समजूत घालायची होती. घुबड म्हटलं की लोक थुंकत होते. मॅडमनी चावडीजवळ सभा घेतली. घुबड शेतकऱ्याचा मित्र आहे, ते किती उंदीर खातं, हे सगळं त्यांनी सांगितलं. लोक जांभया देत होते. मग त्यांनी एक वाक्य असं टाकलं, की आपल्याकडं घुबडाला लक्ष्मीचं वाहन मानतात. लक्ष्मी म्हटल्यावर मागच्या बायका पुढं सरकल्या. कोल्हापूरच्या भागात ते नाव फुकट घेता येत नाही. मॅडम परतताना जीपमध्ये खूष होत्या. लोकांना त्यांच्या भाषेत सांगावं लागतं, असं त्या मला दोनदा म्हणाल्या.

दिवाळीनंतर मी गेले तर सात नंबरच्या पेटीखाली नारळ फोडलेला होता. पाइपला हळदकुंकू, पांगाऱ्याच्या बुंध्याला लाल धागा, आणि पेटीवरच्या ‘क्र. ७’ या आमच्या आकड्यालाही कुंकवाचं बोट. चौकशी केल्यावर समजलं, की शेजारच्या वाडीतली एक म्हैस काही केल्या गाभण राहत नव्हती. मालकिणीनं सातव्या पेटीला नारळ बोलला आणि म्हैस राहिली. सातवीच का, तर ती वाटेला लागून होती.

महिनाभरात सातव्या पेटीखाली दर शुक्रवारी नैवेद्य यायला लागला. भात, खोबरं, पुरणपोळीचा तुकडा. बाकीच्या पेट्यांनाही अधूनमधून काहीतरी मिळत होतं. घुबड मात्र एकाही पेटीत आलं नाही. तिसऱ्या पेटीत साळुंक्यांनी संसार मांडला, नवव्या पेटीत मधमाश्यांनी, आणि अकराव्या पेटीत खारीनं कापसाच्या इतक्या वाती भरल्या, की तिथंही पूजा होत असावी.

उंदीर मोजायची पद्धत अशी: संध्याकाळी शेतातली सगळी बिळं मातीनं बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती उघडली ते पाहायचं. उघडलेलं बीळ म्हणजे आत उंदीर. मी मोजत गेले तशी बिळं वाढत गेली, आणि सगळ्यात जास्त सातव्या पेटीच्या आसपास. उंदरांना कळलं होतं की इथं जेवण मिळतं. उंदीर कमी करण्याचा प्रकल्प आम्ही उंदरांच्या अन्नछत्रावर आणून ठेवला होता. मी भीतभीत ती आकडेवारी उंदरांच्या सरांपुढं ठेवली. मला वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा वर केला आणि समाधानानं म्हणाले, “आता समस्येचं गांभीर्य नीट दिसतंय.”

घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, “शिकून सवरून नवा देव काढला व्हय तुमी?” आणि कपाळाला हात लावून आत गेले.

घुबडाचा पत्ता मला आण्णांनीच दिला. एका दुपारी मी पाचव्या पेटीखाली वाकून गोळी सापडते का बघत होते. ते काठी टेकत आले आणि काय हरवलं म्हणून विचारू लागले. मी सांगितलं. ते मला शेताच्या टोकाला त्यांच्या जुन्या गुऱ्हाळात घेऊन गेले. गूळ करणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. रस आटवायची काहील विकलेली, चुलवाणात गवत, वर पत्रे आणि लाकडी माळा. माळ्याखालच्या जमिनीवर गोळ्यांचा खच पडला होता. वर पाहिलं. अंधाऱ्या कोपऱ्यात पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे दोन पांढरे चेहरे माझ्याकडं बघत होते.

“कधीपासून आहेत?”

“हीच न्हवं, पण ह्यांच्यातली कायम हाईत. माझ्या वडलांच्या टायमालाबी हुती.”

“मग आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं न्हाय. तुमी पेटी लावू का म्हणला, मी लावा म्हटलं.”

मॅडमना सांगितलं तर त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मग विचारलं, की गुऱ्हाळ प्रकल्पक्षेत्राच्या हद्दीत येतं ना. येत होतं. मग त्या गोळ्या ‘प्रकल्पक्षेत्रातून गोळा केलेल्या’ म्हणून नोंदवायच्या ठरल्या. यात एकही शब्द खोटा नव्हता. मी पोतंभर गोळ्या फोडल्या. आत कवट्याच कवट्या. ते जोडपं पेटी, लेप, नैवेद्य यांतलं काहीही न वापरता आपलं काम बिनबोभाट करत होतं.

यानंतर जे घडलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला उंदरांच्या सरांनी मला बोलावलं. घुबडांमुळे उंदीर घटले असं म्हणायचं तर तुलना हवी, असं ते म्हणाले. अर्ध्या शेतात घुबड, अर्ध्या शेतात औषध, म्हणजे दोन्हींचा परिणाम शेजारी शेजारी मांडता येईल. त्यांनी टेबलाच्या खणातून औषधाच्या वड्यांची पाकिटं काढून दिली. मी आण्णांची अट सांगितली. सर म्हणाले, त्यांना कशाला सांगायचं, वड्या बिळात जातात, वर काही दिसत नाही. मी म्हटलं, पण सर, औषध खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला तर? ते म्हणाले, उंदीर बिळातच मरतो. मी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचा अर्ज कुठं आहे, असं सहज विचारलं. तो त्यांच्याच टेबलावर होता.

मी मॅडमना सांगू शकले असते. झाडांच्या सरांना सांगू शकले असते. सोप्यात बसलेल्या आण्णांना तर जाता जाता सांगता आलं असतं. त्या दिवशी आक्कांनी मला तिळाची वडी दिली होती. ती खाऊन मी शेतात गेले आणि उजवीकडच्या अर्ध्या शेतात, बिळाबिळात, हातमोजे घालून औषध ठेवून आले.

त्यानंतरच्या मोजणीत त्या बाजूची बिळं भराभर बंद पडली. सर खूष झाले. उंदीर बिळात मरतो हे खरं, पण हे औषध लगेच मारत नाही. दोन-चार दिवस उंदीर सुस्तावून उघड्यावर फिरत राहतो, आणि घुबडाला असा उंदीर सोपा. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

पंधरवड्यानं गुऱ्हाळात गेले तर आण्णा आधीच तिथं होते. जमिनीवर त्यांची टोपी उपडी ठेवलेली. त्यांनी ती उचलली. खाली एक घुबड होतं, पंख अर्धवट पसरलेले, चोचीशी थोडं रक्त. माशा बसू नयेत म्हणून त्यांनी टोपी झाकली होती. दुसरं वर माळ्यावर बसून होतं.

“औषध कुणी घातलं?” त्यांनी विचारलं.

“मी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तू ‘घालणार न्हाय’ म्हणाली हुतीस,” ते म्हणाले. “सायेब न्हवं. तू.”

मग टोपी झटकून त्यांनी डोक्यावर ठेवली आणि घराकडं गेले. उरलेल्या वड्या मी त्याच दुपारी, सापडल्या तेवढ्या, बिळांतून उकरून काढल्या. सगळ्या सापडल्या नाहीत.

मेलेलं घुबड मी खोक्यात घालून संस्थेत आणलं. मॅडम खोकं उघडून बघताना रडल्या, आणि ते रडणं खरं होतं. वनखात्याला कळवलं गेलं, यकृताचा नमुना तपासायला पाठवला गेला. त्याचं उत्तर प्रकल्प संपल्यावर आलं: नमुना अपुरा. मग तिन्ही प्रमुखांची बैठक झाली. झाडांच्या सरांनी या घटनेचा खांबांशी संबंध नसल्याचं नोंदवून घेतलं. उंदरांचे सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, की झालं ते दुर्दैवी, पण शास्त्रीय दृष्टीनं पाहिलं तर आपल्या क्षेत्रातली घुबडं आपल्याच क्षेत्रातले उंदीर खातात याचा हा पहिला ठोस पुरावा आहे. मॅडम उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं, की ही घटना अहवालात यावी.

ती आली. अहवाल लिहिणारी मीच. पहिल्या मसुद्यात मी निष्कर्षांच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, की आमच्या औषधामुळे दोनपैकी एक घुबड मेलं. मसुदा फिरून आला तेव्हा ते वाक्य निष्कर्षांतून ‘मर्यादा’ या मथळ्याखाली गेलं होतं. पुढच्या फेरीत ‘आमच्या’ गेलं. त्यापुढच्या फेरीत ‘औषधामुळे’ गेलं. छापून आलं तेव्हा तळटीप उरली होती: अभ्यासकाळात एका पक्ष्याचा मृत्यू आढळला. पांगाऱ्यांचा निष्कर्ष मात्र पूर्ण एक पान होता. बाराही खांब जगले होते, लेप लावलेले आणि न लावलेलेही, त्यामुळे लेप सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं होतं.

उन्हाळ्यात समारोपाचं चर्चासत्र झालं. बॅनर लागला, बाहेरगावचे अध्यक्ष आले आणि प्रगतिशील शेतकरी म्हणून आण्णांचा सत्कार ठरला. निमंत्रण द्यायला मलाच पाठवलं. त्या दुपारनंतर मी पहिल्यांदाच त्यांच्या सोप्यात पाय ठेवत होते. आक्कांनी पाणी दिलं आणि आत गेल्या. आण्णांनी पत्रिका वाचली, घडी घातली आणि येतो म्हणाले.

ते एस.टी.नं आले, धुतलेल्या कपड्यांत. शाल, नारळ आणि कुंडीतलं एक रोप असा सत्कार झाला. आण्णांनी रोप निरखून हे कसलं झाड म्हणून विचारलं. झाडांच्या सरांनी पानं उलटून पाहिली आणि नंतर कळवतो म्हणाले. मग सूत्रसंचालकानं आण्णांना प्रकल्पाचा काय फायदा झाला ते दोन शब्दांत सांगायची विनंती केली आणि माईक पुढं धरला.

आण्णांनी माईक हातात घेतला नाही. लांबूनच बोलले.

“माझ्या रानात घुबडं पहिल्यापासनं हुती. कितीबी असतील, आमी कधी मोजली न्हाईत. ही माणसं आली, त्येंनी मोजली, तवा कळलं दोन हाईत. आता एक हाय.”

ते थांबले. सभागृहाला वाटलं भाषण संपलं, आणि टाळ्या पडल्या. चांगल्या भरघोस पडल्या. अध्यक्ष तर मान डोलावत होते. आण्णा टाळ्या संपेपर्यंत उभे राहिले आणि मग जागेवर जाऊन बसले.

माझं सादरीकरण त्यानंतर होतं. बिळांचे आलेख, कवट्यांचे आलेख, पांगाऱ्याचे फोटो. शेवटचं चित्र झालं तरी मी खाली उतरले नाही. मी म्हटलं, “शेतकऱ्यानं औषधाला नकार दिला होता. मी त्याला शब्द दिला आणि त्याला न सांगता औषध घातलं. त्यानं घुबड मेलं. अहवालाच्या तळटिपेत हे आलेलं नाही.” उंदरांचे सर समोरच्या रांगेत कार्यक्रमपत्रिका वाचत होते. अध्यक्षांनी माझ्या प्रांजळपणाचं कौतुक केलं आणि जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं.

जेवताना आण्णा माझ्याच टेबलावर येऊन बसले. ताटातली बटाट्याची भाजी त्यांनी कडेला सारली आणि वरणभात घेतला. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाले, “ते झालं की मघाशी. जेव आता.” मग उसाचं बोलले, नातीचं लग्न ठरल्याचं बोलले, पाइप नेणार आहात का तेही विचारलं. मी म्हटलं, विचारून सांगते. ते म्हणाले, “इचारू नको. इचारलंस की न्यायला येतील. वेलाला बरं हाईत.” मी त्यांना बसस्थानकावर पोचवलं. कुंडी त्यांनी मांडीवर घेतली, नारळ पिशवीत घातला आणि शाल माझ्या वडिलांसाठी मला दिली.

माझ्या शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळाली नाही. अर्ज सापडत नसल्याचं कळवण्यात आलं. त्याच वर्षी मी एका कॉलेजात शिकवायला लागले. तिन्ही विभागांचं बोलणं पुन्हा शिपायामार्फत सुरू झालं, कारण शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी, यावरून बिनसलं. सातवी पेटी, असं ऐकते, अजून आहे. तिला आता पत्र्याची शेड केली आहे.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी, तासाला निघत असताना, आक्कांचा फोन आला. नातीचं लग्न झालं, तू आली न्हाईस, म्हणून आधी चांगलं ऐकवलं. मग आवाज खाली आणला.

“गुऱ्हाळात दुसरं आलंया. आज सकाळी मी सोता बघितलं. दोगं शेजारी बसल्यात. आण्णा म्हणालं, तेवढं पोरीला सांग.”

मी फक्त हो म्हटलं.

“आणि हे बघ,” आक्का म्हणाल्या, “तुज्या जुन्या हापिसात कुणाला बोलू नको. न्हाईतर परत मोजायला येतील.”

मी बोलले नाही. दोनच महिन्यांनी मॅडम एका लग्नात भेटल्या. त्यांनी ताटावर बसता बसता, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, आण्णांच्या गुऱ्हाळात काही हालचाल आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिकडं माझं जाणंच झालं नाही. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “बरं आहे,” आणि त्यांनी वाढप्याला माझ्या ताटात आणखी एक जिलबी टाकायला सांगितली.